नको असलेली ओपनिंग आणि वरच्या रेटिंगचा प्रतिस्पर्धी: ऑनलाइन बुद्धिबळात नेमके काय करायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. रॅपिडमध्ये (दहा-पंधरा मिनिटांच्या डावांत) रेटिंग १२०० च्या आसपास. पांढऱ्या मोहऱ्यांनी ई४ खेळून इटालियन ओपनिंग (घोडा एफ३, मग उंट सी४) गाठायचा विचार असतो. काळ्याने ई४ ला ई५ आणि डी४ ला डी५. पण समोरचे इटालियन होऊच देत नाहीत. कोणी स्टॅफर्ड गॅम्बिट (गॅम्बिट म्हणजे हल्ल्यासाठी प्यादे सोडून देणे) टाकतो, कोणी दुसऱ्याच खेळीला वजीर एच५ वर आणतो, कोणी डोळे मिटून लंडन (डी४ आणि उंट एफ४ ची ठरलेली मांडणी) खेळतो. शिवाय १५०-२०० गुणांनी वरचा खेळाडू समोर आला की पहिल्या खेळीपासून हात आखडतो. यावर उपाय काय?

आधी ओपनिंगवरचा आरोप तपासून घ्या. हरलेले शेवटचे वीस डाव उघडा आणि प्रत्येक डावात बाराव्या खेळीनंतर इंजिनचा आकडा (संगणकाच्या मते कोण किती प्याद्यांनी पुढे) किती होता तेवढेच लिहून काढा. आकडा उणे एक ते अधिक एकच्या आत असेल तर त्या डावात ओपनिंगने तुम्हाला हरवलेले नाही. पुढे कुठेतरी मोहरे फुकट गेले किंवा घड्याळ संपले. १२०० च्या पातळीवर बहुतेकांना असे दिसते की ओपनिंगमुळे खरोखर गेलेले डाव थोडेच आहेत, आणि तेही दोन-तीन ठरावीक जागी. त्याच जागा दुरुस्त करायच्या आहेत. सगळी ओपनिंग पाठ करायला बसाल तर सहा महिने जातील आणि हाती फारसे लागणार नाही.

त्या जागा शोधायला लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर चांगली सोय आहे आणि ती फुकट आहे. अ‍ॅनालिसिस बोर्डवर ओपनिंग एक्सप्लोरर उघडा. त्यात तीन भाग असतात: मास्टर्सचे डाव, लिचेसवरचे सगळे डाव आणि एका खेळाडूचे डाव. तिसऱ्या भागात स्वतःचे नाव घाला, रंग निवडा, फक्त रॅपिड ठेवा. आता पटावर एकेक खेळी करत जा. कोणती खेळी किती वेळा समोर आली आणि तिथून तुम्ही किती जिंकलात-हरलात ते दिसत जाईल. दहापेक्षा जास्त वेळा आलेली आणि निकाल वाईट असलेली तीन वळणे निवडा. वर्षातून एकदा येणाऱ्या जी४ किंवा ए६ साठी तयारी करू नका. तिथे मध्य धरायचा, घोडे-उंट बाहेर काढायचे, राजा कॅसल करायचा, एवढे पुरे.

यापुढे खेळ्या लिहिताना स्तंभ ए ते एच, रांगा १ ते ८, × म्हणजे मारले, आकड्यानंतर तीन टिंबे म्हणजे काळ्याची खेळी, आणि ! म्हणजे उत्तम खेळी. शेजारी पट मांडून वाचा.

नावडत्या ओपनिंग तीन प्रकारच्या असतात आणि प्रत्येकीला औषध वेगळे आहे. काही मुळातच कच्च्या असतात, पण त्यांच्यात सापळे असतात. त्यांच्यासाठी चार-पाच खेळ्या अचूक माहीत हव्यात. त्या माहीत असल्या की समोरचा कायमचा वाईट स्थितीत जातो. काही भक्कम पण कंटाळवाण्या असतात. तिथे खेळ्या पाठ करून उपयोग नसतो, बेत लागतो. तिसऱ्या प्रकारात खरोखरची धारदार थिअरी (अभ्यासून ठरलेल्या लांब ओळी) असते. तिथे एक तर नीट अभ्यास करायचा, नाहीतर दोन खेळ्या आधीच वळण घेऊन ती टाळायची. अनेक जण या तिन्हींवर एकच उपाय करतात: आणखी एक व्हिडिओ बघतात. त्याने भागत नाही.

पहिल्या प्रकारातला सर्वात जास्त भेटणारा म्हणजे स्टॅफर्ड. इंटरनॅशनल मास्टर एरिक रोझेनच्या प्रक्षेपणांमुळे तो गेल्या काही वर्षांत घराघरांत पोचला. क्रम असा: १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा एफ६ ३. घोडा×ई५ घोडा सी६ ४. घोडा×सी६ डी×सी६. पांढऱ्याकडे एक प्यादे जास्त, काळ्याचे उंट मोकळे. आता दोन ठिकाणी डाव संपतो. ५. ई५ घोडा ई४ ६. डी३ खेळलात तर उंट सी५ येतो. घोडा फुकट दिसतो, पण ७. डी×ई४ उंट×एफ२ शह. राजाने उंट मारला तर डी१ चा वजीर जातो, आणि राजा ई२ वर गेला तर उंट जी४ शह, राजाने एफ२ चा उंट मारला तरी वजीर जातोच. दुसरे ठिकाण: ५. डी३ उंट सी५ ६. उंट जी५. घोडा पिन झाला (हलला तर मागचा वजीर जाईल) असे वाटते, पण घोडा×ई४! येतो. ७. उंट×डी८ उंट×एफ२ शह ८. राजा ई२ उंट जी४ मात. दोन्हींचा सांगाडा एकच आहे: काळ्याचे उंट एफ२ आणि जी४ वर. एकदा डोळ्यांत बसले की पुन्हा फसत नाही.

बरोबर उत्तर ५. डी३ उंट सी५ ६. उंट ई२. आता काळा बहुधा एच५ खेळतो, म्हणजे घोडा जी४ वर आल्यावर तुम्ही एच३ ने त्याला हुसकावून मारलात की एच-स्तंभ उघडतो. म्हणून घाईने कॅसल करू नका. ७. सी३ खेळा, बेत डी४ चा. ७...घोडा जी४ ८. डी४ झाले की सी५ चा उंट माराखाली येतो. काळ्याने तरीही वजीर एच४ वर आणला तर आधी ९. जी३, वजीर एफ६ वर गेला की मग १०. एफ३. आता घोडा आणि उंट दोन्ही एकदम माराखाली आहेत. हा क्रम उलटू नका: आधी एफ३ केलेत तर वजीर सरळ एफ२ वर येऊन शह देतो, आणि घोड्याचा आधार असल्याने त्याला मारता येत नाही. एफ३ च्या जागी उंट मारायची घाई केलीत तरी वजीर×एफ२ शह बसतोच. स्टॅफर्डच्या विरुद्ध हरलेल्या डावांत पांढऱ्याची चूक बहुतेकदा हीच असते: हाताशी आलेले मोहरे लगेच मारले, आणि एफ२ कडे लक्ष नव्हते.

दुसऱ्या खेळीचा वजीर एच५ हाही याच प्रकारचा. १. ई४ ई५ २. वजीर एच५. धमकी ई५ च्या प्याद्यावर आहे. वजिराला हाकलायला जी६ खेळलात तर वजीर×ई५ शह आणि एच८ चा हत्ती गेला. २...घोडा सी६ हेच उत्तर. ३. उंट सी४ आला की एफ७ वर मातेची धमकी असते. इथे घोडा एफ६ ही नेहमीची खेळी चालत नाही, कारण वजीर×एफ७ मात. आता जी६ खेळायची वेळ आहे. ४. वजीर एफ३, पुन्हा तीच धमकी, आणि आता ४...घोडा एफ६. इथून काळा आरामात आहे. उंट जी७, डी६, कॅसल. शिवाय घोडा डी४ ही कायमची धमकी उभी राहते, कारण तिथून घोडा एफ३ चा वजीर आणि सी२ चे प्यादे दोन्हींवर बसतो. पांढऱ्याने उत्साहात ५. जी४ केले तर लगेच ५...घोडा डी४ खेळा. एक सावधगिरी मात्र बाळगा: वजीर लवकर आला म्हणून त्याला पकडायच्या मागे लागू नका. तुमची मोहरी बाहेर येत आहेत आणि त्याचा वजीर पळतो आहे, हाच तुमचा फायदा आहे. प्यादी पुढे ढकलत सुटलात तर तुमच्याच राजापुढे भोके पडतात.

डॅनिश आणि गोरिंग गॅम्बिटला (१. ई४ ई५ २. डी४ ई×डी४ ३. सी३) एकच खेळी लक्षात ठेवा: डी५! प्यादी गिळत बसण्याऐवजी मध्य फोडायचा. ४. ई×डी५ वजीर×डी५ ५. सी×डी४ घोडा सी६ ६. घोडा एफ३ उंट जी४ ७. उंट ई२ उंट बी४ शह ८. घोडा सी३ उंट×एफ३ ९. उंट×एफ३ वजीर सी४. वजीर एफ१ वर नजर ठेवतो, म्हणून पांढऱ्याला छोटा कॅसल करता येत नाही. १९२६ मध्ये लेक होपॅटकाँगला कापाब्लांकाने मार्शलविरुद्ध हीच व्यवस्था वापरली आणि आजही तिच्यावर काही उतारा निघालेला नाही. हल्ल्याच्या आशेने गॅम्बिट टाकणाऱ्याला नवव्या खेळीला असली शांत स्थिती मिळाली की त्याचा अर्धा उत्साह ओसरतो.

आता कंटाळवाण्या प्रकाराकडे. लंडनबद्दल खूप जणांची तक्रार असते की समोरचा बुद्धिबळ खेळतच नाही, नुसती ठरलेली मांडणी करतो. ही तक्रार सोडून द्या. २०२३ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत सहावा डाव डिंग लिरेनने नेपोम्नियाशीविरुद्ध लंडन खेळूनच जिंकला. ती भक्कम मांडणी आहे आणि तिला तसाच भक्कम जाब विचारावा लागतो. लंडनमध्ये काळा हरतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: तोही आपली मांडणी करत बसतो. पांढऱ्याचा उंट डी३ वर, घोडा ई५ वर, एफ४ चा आधार, मग वजीर किंवा हत्ती राजाच्या बाजूला, आणि एच७ वर हल्ला. हे सगळे आठ-नऊ खेळ्यांत विनाअडथळा होते.

म्हणून त्याचा उंट बाहेर पडला की जी जागा त्याने सोडली तिथे बोट ठेवा: बी२. १. डी४ डी५ २. उंट एफ४ सी५ ३. ई३ घोडा सी६ ४. सी३ वजीर बी६. आता पांढऱ्याला विचार करावाच लागतो. बहुतेक जण ५. वजीर बी३ खेळतात. वजिरांची अदलाबदल तुम्ही स्वतः करू नका, ५...सी४ खेळा. ६. वजीर×बी६ ए×बी६ झाले तर बी-स्तंभात तुमची दुहेरी प्यादी दिसतात आणि नवखा घाबरतो, पण ए-स्तंभ तुमच्या हत्तीला उघडा मिळाला आहे आणि बी५-बी४ ही चढाई तयार आहे. ते प्यादे बी४ वर पोचले की पांढऱ्याच्या सी३ ला धक्का बसतो आणि वजिराच्या बाजूला खेळ तुमचा होतो. पांढरा ६. वजीर सी२ असा मागे गेला तर ६...उंट एफ५! हा उंट फुकट नाही: ७. वजीर×एफ५ वजीर×बी२ आणि ए१ चा हत्ती सुटत नाही. पांढऱ्याला ७. वजीर सी१ असे निमूट मागे जावे लागते. एवढ्यावर डाव जिंकला जात नाही, पण लंडनवाल्याची पाठ केलेली मांडणी पाचव्या खेळीलाच मोडली, आणि आता दोघेही स्वतःच्या डोक्याने खेळत आहेत. तुम्हाला हवे होते ते हेच.

पांढऱ्याने खेळताना कॅरो-कानबद्दलही हीच ओरड असते. १. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. ई×डी५ सी×डी५ ४. उंट डी३ ही साधी व्यवस्था घ्या. उंट डी३ वर असल्याने काळ्याचा सी८ चा उंट एफ५ वर सुखाने येऊ शकत नाही. पुढे सी३, उंट एफ४, घोडा एफ३, घोडा डी२, कॅसल, आणि घोडा ई५ वर रोवायचा. काळ्याने उंट जी४ केले की वजीर बी३ ने बी७ वर बोट ठेवायचे. १९७० मध्ये बेलग्रेडला फिशरने पेट्रोस्यानला असेच हरवले होते. तो डाव मिळवून एकदा हळूहळू खेळून बघा, कारण त्यातले बेत तुम्हाला थेट वापरता येतात. स्कँडिनेव्हियनला (१...डी५ २. ई×डी५ वजीर×डी५) ३. घोडा सी३ वजीर ए५ ४. डी४ घोडा एफ६ ५. घोडा एफ३, मग उंट सी४ आणि उंट डी२. डी२ चा उंट सी३ च्या घोड्यामागून ए५ च्या वजिराकडे बघत असतो. घोडा हलला की वजिरावर मार. त्यामुळे काळ्याला सी६ करून वजिराची परतीची वाट राखावी लागते. सिसिलियनची मोठी थिअरी नको असेल तर २. सी३. यापेक्षा जास्त सध्या गरज नाही.

तिसऱ्या प्रकारात तुमच्यासाठी एकच मोठे वळण आहे, घोडा जी५. १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा एफ६ ४. घोडा जी५ डी५ ५. ई×डी५. इथे ५...घोडा×डी५ स्वाभाविक वाटते आणि तिथेच घोडा×एफ७ चा बळी येतो: राजा×एफ७, वजीर एफ३ शह, आणि डी५ चा घोडा वाचवायला राजा ई६ वर, पटाच्या मध्यभागी. दहा मिनिटांच्या डावात ते सांभाळणे फार अवघड. म्हणून ५...घोडा ए५. ६. उंट बी५ शह सी६ ७. डी×सी६ बी×सी६ ८. उंट ई२ एच६ ९. घोडा एफ३ ई४ १०. घोडा ई५ उंट डी६. तुमचे एक प्यादे कमी आहे, पण पांढऱ्याचा घोडा चार वेळा हलला आहे आणि तुमची मोहरी धावत बाहेर येत आहेत. हे रक्तात नसेल, प्यादे कमी असताना जीव घुसमटत असेल, तर सरळ ३...उंट सी५ खेळा. एफ६ वर घोडा नाही, म्हणून डी८ चा वजीर जी५ कडे बघतो आणि घोडा जी५ आलाच तर तो फुकट मिळतो. त्यानंतर इव्हान्स गॅम्बिटचे ४. बी४ आले तर घ्या: ४...उंट×बी४ ५. सी३ उंट ई७ ६. डी४ घोडा ए५, आणि सी४ च्या उंटाला हलावे लागते किंवा तो घोड्याला द्यावा लागतो. माझा सल्ला १५०० पर्यंत उंट सी५ चाच आहे. बचावाची थिअरी पाठ करण्यात घालवलेला वेळ त्या पातळीवर डावपेचांच्या कोड्यांत घातला तर जास्त परतावा मिळतो.

हे सगळे कुठे ठेवायचे? लिचेसवर एक स्टडी बनवा, प्रत्येक वळणाला एक चॅप्टर. आठ-दहा खेळ्यांपेक्षा लांब ओळ नको. शेवटच्या खेळीखाली एक वाक्य बेताचे लिहा: 'बी५-बी४ ढकलायचे, हत्ती ए८ वरच', एवढेच. नवीन ओळ फक्त खेळलेल्या डावानंतर टाकायची, व्हिडिओ बघून नाही. असे केले की ती फाईल तुमच्याच प्रतिस्पर्ध्यांच्या मापाची होते.

आणि तरीही रोज काहीतरी अनोळखी येणारच. त्या क्षणी होणारी चूक ठरलेली असते: अनोळखी खेळीला तीन सेकंदांत उत्तर दिले जाते, कारण आतापर्यंतच्या खेळ्या त्याच वेगात झालेल्या असतात. ओळखीचे संपले की हात माऊसवरून काढा. तीस-चाळीस सेकंद घ्या. या खेळीने कशावर मार बसला? या खेळीने मागे काय उघडे पडले? माझी नेहमीची पुढची खेळी अजून चालते का? तिसऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा 'हो' येते. तसे असेल तर तीच खेळा. समोरच्याच्या विचित्र खेळीला शिक्षा केलीच पाहिजे असा नियम नाही.

आता वरच्या रेटिंगचे.

आकडे आधी समजून घ्या, म्हणजे भीती मापात येते. एलो या रेटिंग पद्धतीच्या गणितात १०० गुणांनी वरच्या खेळाडूविरुद्ध तुमच्याकडून अपेक्षित गुण ०.३६, २०० वर ०.२४, ३०० वर ०.१५, ४०० वर ०.०९. म्हणजे २०० ने वरच्याशी चार डाव खेळून एक गुण मिळवलात तर तुम्ही अगदी रेटिंगप्रमाणे खेळलात. चेस.कॉम या दुसऱ्या साइटवर रेटिंग स्थिरावले असेल तर बरोबरीच्या खेळाडूशी साधारण आठ गुणांची देवाणघेवाण होते. २०० ने वरच्याकडून हरल्यास चारच्या आसपास जातात, जिंकल्यास बाराच्या आसपास येतात. दोन साइटचे आकडे मात्र एकमेकांशी ताडू नका. लिचेसवर सुरुवातच १५०० पासून होते, त्यामुळे तिथला १५०० आणि चेस.कॉमचा १५०० एक नव्हे. लिचेसवर आकड्यापुढे प्रश्नचिन्ह असेल तर ते रेटिंग अजून कच्चे आहे. समोरचा कितीही वर किंवा खाली असू शकतो.

आकडा दिसला की हात कापत असेल तर तो दिसूच देऊ नका. लिचेसच्या सेटिंगमध्ये खेळाडूंचे रेटिंग लपवायचा पर्याय आहे. महिनाभर तो चालू ठेवून खेळा आणि मग डाव तपासा. १२५० आणि १४०० मधला फरक खेळताना किती कमी वेळा जाणवला होता ते कळेल. याउलट जाणूनबुजून वरचे प्रतिस्पर्धी हवे असतील तर डाव लावताना रेटिंगची मर्यादा ठरवता येते. खाली ५० आणि वर १५० ही सरावासाठी चांगली. सगळेच डाव ३०० ने वरच्यांशी खेळाल तर नेमके कुठे चुकले ते समजायच्या आधीच डाव संपलेला असेल.

वरच्या खेळाडूविरुद्ध खेळ चार रीतींनी बिघडतो. सर्वात महागडी रीत म्हणजे भीतीपोटी अदलाबदल. 'मोहरी कमी झाली की बरोबरी होईल' हा हिशोब उलटा आहे. मोहरी कमी झाली की उरतो तो एंडगेम, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा, आणि १४०० व १२०० मधला फरक तिथेच सर्वात स्वच्छ दिसतो. अदलाबदल करण्यापूर्वी तिचे कारण एका वाक्यात सांगता आले पाहिजे: माझा राजा धोक्यात आहे, किंवा त्याचे सर्वात चांगले मोहरे जाते आहे, किंवा माझ्याकडे मोहरे जास्त आहे. कारण सांगता येत नसेल तर ताण तसाच ठेवा. दुसरी रीत नेमकी विरुद्ध: हरणारच आहोत तर उडवून देऊ म्हणून सातव्या खेळीला उंट एच७ वर फेकायचा. तिसरी म्हणजे खास त्या डावासाठी न खेळलेली ओपनिंग काढणे. वरच्या माणसासमोर तर तुमची रोजचीच ओपनिंग हवी, कारण तिच्यातली मधल्या खेळातली स्थिती तुमच्या ओळखीची असते.

चौथी रीत लपलेली असते: त्याच्या खेळीवर विश्वास ठेवणे. त्याने घोडा उघड्यावर ठेवला तर 'काहीतरी असेलच' म्हणून तुम्ही बघतही नाही. १४०० चा खेळाडूही मोहरी फुकट सोडतो. म्हणून प्रत्येक खेळीला, न चुकता, एकाच क्रमाने पाहायचे: शह, मार, धमकी. आधी त्याचे, मग आपले. मारता येणारे प्रत्येक मोहरे मोजून पाहा, कितीही वेडेपणाचे वाटले तरी. मारण्यात काही सापळा असेल तर तो तीन खेळ्यांच्या आत दिसतो. दिसला नाही तर मारा.

घड्याळाचा हिशोब आधीच करून बसा. १० मिनिटांच्या डावात चाळीस खेळ्या धरल्या तर खेळीला १५ सेकंद येतात. १५ मिनिटे अधिक १० सेकंदांच्या डावात तेच ३२ सेकंद होतात, म्हणजे दुपटीहून जास्त. वरच्यांशी खेळायचे असेल तर हा १५ अधिक १० चाच प्रकार निवडा. दहा मिनिटांच्या डावात पंधराव्या खेळीला साडेसहा मिनिटे उरलेली असावीत. वरच्याविरुद्ध बहुतेकांचे उलटे होते: आठव्या खेळीला, जिथे दोन्ही पर्याय सारखेच चांगले असतात, दोन मिनिटे जातात आणि तिसाव्या खेळीला, जिथे एकच खेळी वाचवते, पाच सेकंद उरतात. दोन खेळ्यांत निवड होत नसेल आणि कोणत्याच खेळीने काही फुकट जात नसेल, तर मोहरे बाहेर काढणारी खेळी करा आणि पुढे चला.

स्थिती वाईट झाली की राजीनामा देऊ नका. मोहरे कमी असेल तर प्याद्यांची अदलाबदल करा, मोहऱ्यांची टाळा. प्यादी जितकी कमी तितके त्याला जिंकणे अवघड. हत्ती उरले असतील तर आशा खरी असते. हत्ती आणि एक प्यादे विरुद्ध हत्ती, तुमचा राजा प्याद्यापुढे उभा, असा एंडगेम फिलिडोरच्या रीतीने बरोबरीत सुटतो. तुमचा हत्ती तुमच्या बाजूने तिसऱ्या रांगेवर आडवा ठेवा, म्हणजे त्याच्या राजाला त्या रांगेवर पाऊल टाकता येत नाही. आडवे सरकत थांबा, शह देत सुटू नका. त्याने प्यादे त्या रांगेवर ढकलले की त्याच क्षणी हत्ती पटाच्या पलीकडच्या टोकाला न्या आणि मागून शह देत राहा. प्यादेच त्या जागी आल्यामुळे त्याच्या राजाला आता आडोसा नाही. क्रम चुकला, म्हणजे प्यादे पुढे येण्याआधीच हत्ती मागे नेलात, तर राजा तिसऱ्या रांगेवर शिरतो आणि बरोबरी हातची जाऊ शकते. ही एक रीत पटावर वीस वेळा करून बघितलीत तर वर्षातले कित्येक अर्धे गुण वाचतील.

वरच्याशी लढताना पूर्ण डाव खेळत राहणे काय असते ते पाहायचे असेल तर नागपूरच्या दिव्या देशमुखचे जुलै २०२५ मधले बाटुमीचे महिला विश्वचषकाचे डाव काढा. वाटेत झू जिनर आणि तान झोंगयी यांच्यासारख्या खेळाडू होत्या. अंतिम फेरीत कोनेरू हम्पीविरुद्ध दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले आणि निकाल रॅपिडमध्ये लागला. तिने विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबर ग्रँडमास्टर किताबही मिळवला. तिचे डाव बघताना एक प्रयोग करा: प्रत्येक ठिकाणी तुम्ही कोणती अदलाबदल केली असती ते थांबून ठरवा, मग तिने काय केले ते पाहा.

वरच्याकडून हरलेला डाव तपासण्याची पद्धतही ठरवून घ्या. इंजिन बंद ठेवून पाच मिनिटे डाव पुन्हा चालवा आणि 'इथे मला काय कळले नाही' असे एकच वाक्य लिहा. मग इंजिन लावा. लिचेसवर 'चुकांतून शिका' हे बटण आहे. ते तुमच्या चुकीच्या जागी पट थांबवून तुमच्याकडूनच बरोबर खेळी मागते. आकड्यांची रांग वाचण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी. शक्य असेल तर डाव संपल्यावर लगेच पुन्हा खेळायची विनंती पाठवा. तोच माणूस, तीच ओपनिंग, रंग उलटे: आत्ता तुम्हाला ज्याने अडवले तेच त्याला कसे खेळावे लागते ते दिसते.

समोरचा इंजिन वापरतो आहे असा संशय आला तर चॅटमध्ये वाद घालू नका. डाव संपवून तक्रार नोंदवा आणि पुढचा डाव लावा. दोन्ही साइट पकडलेल्यांविरुद्ध गेलेले गुण परत देतात. शेवटचे एक छोटे सेटिंग: लिचेसवर तीच स्थिती तिसऱ्यांदा आली तरी बरोबरी आपोआप होत नाही, मागावी लागते; आपोआप होते ती पाचव्यांदा आल्यावर. पसंतीच्या पानावर तिसऱ्या वेळी बरोबरी आपोआप मागण्याचा पर्याय आहे. 'वेळ ३० सेकंदांच्या खाली असताना' हा निवडा, म्हणजे हरत आलेल्या डावात शहांची साखळी लागली आणि घड्याळ धावत असले तरी अर्धा गुण सुटणार नाही.